मधली दाखवा

संगणकाच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'यशस्वी' असं उमटलं की जगातली सगळी माणसं चहाला उठतात. कुंदाताई त्या वेळी बाह्या सरसावायच्या. हिरवा रंग दिसला की त्यांना घामच फुटायचा. लाल दिसला तर बिचाऱ्या जरा तरी स्वस्थ बसायच्या. म्हणजे माझ्या आठवणीप्रमाणे अर्धा मिनिट.

हिंजवडीच्या अंगाला आमची कंपनी होती. संगणकात फायली कुठं ठेवायच्या, कुणाला किती जागा द्यायची, कुणाची सुटलेली जागा कुणाच्या पदरात घालायची, हे ठरवणारी जी आतली व्यवस्था असते तिला फाइलसिस्टीम म्हणतात. ती आम्ही बनवायचो. मी कोड लिहायचो, कुंदाताई तो मोडायच्या, आणि आश्चर्य म्हणजे दोघांनाही पगार मिळायचा. त्या टेस्टर होत्या. माल बाहेर जायच्या आधी शेवटची सही त्यांची. कुंदाताईंची सही मिळवणं म्हणजे वाघाच्या तोंडातून शेळी काढून आणणं. शेळी परत यायची, पण तिची हाडं मोजून घ्यावी लागायची.

माझ्या बोलण्यात मीठ जरा जास्त पडतं असं आमच्या घोटावड्यात म्हणतात. आईशपथ सांगतो, कुंदाताईंच्या बाबतीत मी वरून चिमूटभरही घातलेलं नाही. बाई मुळातच खारट होती.

त्या रिहे गावच्या. बी.एस्सी. करून, लग्न करून, दोन मुली शाळेत घालून मग घोटावड्याजवळच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासायला लागलेल्या. तिथून आमच्याकडं कशा आल्या ती कथा कंपनीत देवळातल्या पोथीसारखी सांगितली जायची. मुलाखतीत साहेबांनी त्यांना एक प्रोग्रॅम चालवून दाखवला. एक हजार फायली इकडून तिकडं गेल्या, पडद्यावर हिरवं 'यशस्वी' आलं. साहेब म्हणाले, "बघा, आता यात तुम्ही काय तपासाल?"

"फायली दाखवा," कुंदाताई म्हणाल्या.

साहेबांनी पहिली उघडली. व्यवस्थित. शेवटची उघडली. तीही व्यवस्थित.

"ह्या न्हाई. मधली दाखवा."

"मधली म्हणजे?"

"भाताचं पोतं घेताना वरचं आन् खालचं कोन बघतं का? पयली आन् शेवटची सगळेच नीट ठेवत्यात. मधी हात घाला."

साहेबांनी हसत हसत मधली एक फाइल उघडली. ती कोरी होती. तिच्या पुढच्या तीनशेही कोऱ्या निघाल्या. तो प्रोग्रॅम दोन वर्षं सगळ्यांना दाखवला जात होता, आणि दोन वर्षं सगळे टाळ्या वाजवत होते. साहेबांनी पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत. काही लोक सांगतात की त्यांनी उठून कुंदाताईंना स्वतःची खुर्ची दिली. हे मात्र खोटं असावं, कारण कुंदाताई खुर्चीत बसल्याच नसत्या.

बाई बसायच्याच नाहीत. चाचणी चालू झाली की त्या चालू व्हायच्या. टेबलापासून पाण्याच्या मशीनपर्यंत, तिथून खिडकीपर्यंत, खिडकीतून खाली बघून परत. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायचं, सोडायचं, गुंडाळायचं. फरशीवर त्यांच्या येण्याजाण्याची वाट पडली होती. माळावर गुरांची पडते तशी. नवीन माणसाला संडास कुठं असं विचारलं की आम्ही सांगायचो, "कुंदाताईंच्या वाटेनं जा, डावीकडं वळ."

त्या रिह्याहून स्कूटीवर यायच्या आणि वाटेत मला घोटावड्यात उचलायच्या. मागच्या सीटवरचा तो प्रवास मी शत्रूलाही देणार नाही. सरळ, मोकळा, कुत्रंसुद्धा आडवं नाही अशा रस्त्यावर ताई मधेच कचकन ब्रेक दाबायच्या. माझं नाक त्यांच्या हेल्मेटवर.

"काय झालं ताई?"

"काय न्हाई. ब्रेक हाय का बघितला."

"मागच्या वळणावर होता की!"

"मागच्या वळनावर व्हता. हितं हाय का?"

मी नाक चोळत बसायचो. त्यांचे यजमान संपतराव कंपन्यांच्या बसवर ड्रायव्हर आहेत. अत्यंत शांत माणूस. मी एकदा त्यांना विचारलं होतं, तुम्ही हे कसं सहन करता? ते म्हणाले, "बघायच्या कार्यक्रमाला गेलो तवा हिनं मला चहा दिला आन् म्हनली, साखर घातली न्हाई, प्या. मी प्यालो. मग म्हनली, आता खरं सांगा कसा झाला. मी म्हनलो, वाईट झाला. तितंच पास झालो बघा. माझ्या आदीचे चार जण 'लई झकास' म्हनले व्हते."

तर अशा बाईच्या हाती माझा कोड गेला, त्याची ही गोष्ट. तो कोड माझ्या आयुष्यातला सर्वांत देखणा कोड होता. स्वतःचं पोर कुणाला काळं दिसतं?

विषय असा होता. एखाद्या फाइलला आधीच जागा धरून ठेवायची. एक्सरे काढणारी, सोनोग्राफी करणारी तपासणी केंद्रं आमची गिऱ्हाइकं होती. एकेक चित्र जडशीळ. ते येता येता जागा शोधत बसलं की यंत्र अडतं. म्हणून आधीच सांगून ठेवायचं की एवढी जागा अमुक पेशंटची, बाकी कुणी पाय ठेवायचा नाही. पण डिस्कवरची जागा कोरी नसते. आधीच्या कुणाची तरी पुसून टाकलेली फाइल तिथं असते. पुसली म्हणजे फक्त यादीतून नाव काढलेलं; मजकूर खाली तसाच. जुनी पद्धत अशी की ती सगळी जागा आधी स्वच्छ करायची, मग द्यायची. त्यात वेळ जायचा. मी म्हटलं, स्वच्छ कशाला करायची? नुसती खूण करून ठेवू, की इथं अजून काही लिहिलेलं नाही, कुणी वाचायला आलं तर कोरं म्हणून सांगा. खरं लिहून झालं की खूण काढू. काम दहापट वेगानं! मीटिंगमध्ये मी हे सांगितलं तेव्हा अनिकेत सर, आमचे मॅनेजर, कोथरूडचे, अतिशय सज्जन आणि अतिशय घाईतले, त्यांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की माझा चष्मा टेबलावर पडला.

कुंदाताई खिडकीपाशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजे दत्ता, पंगतीत ताट न धुता मांडायचं, वर पत्रावळ झाकायची, आन् म्हनायचं ताट रिकामं हाय."

"पत्रावळ आहे ना वर! कुणाला दिसतंय?"

"आन् वाढायच्या आदीच पत्रावळ उचलली तर?"

"नाही उचलली जात. वाढप्यानं 'वाढलं' म्हणून सांगितल्यावरच उचलायची. तसंच लिहिलंय मी."

"वाढप्यानं सांगितल्यावर," असं पुटपुटत त्या पुन्हा आपल्या वाटेला लागल्या. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पण थापेनं माझी पाठ दुखत होती.

कंपनीच्या लॅबमध्ये माझा कोड रोज पास व्हायचा. तिथं एक यंत्र होतं, ते संगणकांची वीज आपोआप तोडायचं, जोडायचं, आणि मग सगळं जागेवर आहे का बघायचं. हजार वेळा तोडली, हजार वेळा हिरवं. अनिकेत सरांनी पेढे मागवले. कुंदाताईंनी पेढा घेतला, मधोमध तोडला, आत बघितलं आणि खाल्ला.

मग त्यांनी घरी लॅब मांडली. रिह्यातल्या घराच्या पडवीत, भाताच्या कणगीशेजारी, भंगारातून आणलेले दोन संगणक आणि जुन्या, खोकणाऱ्या डिस्का. सर म्हणाले, "कुंदाताई, अहो, आपली लॅब एवढी स्टँडर्ड आहे..." ताई म्हणाल्या, "सर, तुमचं गिऱ्हाईक तुमच्या लॅबात ऱ्हातं का? ते आमच्याकडंच कुटंतरी ऱ्हातं."

त्यांनी काय केलं ऐका. आधी ती अख्खी डिस्क एकाच वाक्यानं भरून टाकली. 'हे दुसऱ्याचं आहे.' एकदा, दोनदा नाही; लाखो वेळा, डिस्कच्या कानाकोपऱ्यात, बोट ठेवायला जागा नाही असं. मग त्या सगळ्या फायली पुसल्या. मग माझ्या नव्या पद्धतीनं त्याच जागेवर नवीन फायली केल्या आणि आतून वाचत बसल्या. म्हणजे माझी पत्रावळ कुठं जरी सरकली तरी खालून ते वाक्य वर डोकावणार.

एका रविवारी सकाळी मी दाढी करत असताना फोन आला.

"दत्ता, तुझ्या ताटात उष्टं निघालं."

"ताई, तुमची डिस्क खराब असेल."

"डिस्क खराबच हाय. म्हनून तर आनली. तुझं काय खराब हाय ते बघ."

सोमवारी ऑफिसात गेलो, ताईंचाच संगणक त्यांनी स्कूटीवर माझ्या मांडीवर देऊन आणला होता. जोडला. दिवसभर वीज तोडली, जोडली. काही नाही. मंगळवारी काही नाही. संगणक परत रिह्याला, माझ्याच मांडीवर. असं महिनाभर चाललं. रिह्यात मधूनच उष्टं निघायचं, ऑफिसात निघायचं नाही. जणू माझा कोड पुण्याकडं तोंड करून सभ्य वागत होता आणि मावळात शिरला की शर्टाची बटणं उघडत होता.

मी मनातून खूश होतो, हे कबूल करतो. एव्हाना सगळे कुंदाताईंकडं जरा तिरकंच बघायला लागले होते. माल बाहेर जायची तारीख ठरली होती, गिऱ्हाइकांना शब्द गेला होता, आणि एक बाई सही अडवून फरशी झिजवत होती. शेवटी एका बुधवारी अनिकेत सरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं.

"ताई, मला वरून प्रेशर आहे. येत्या सोमवारी तुम्ही मला तो बग डोळ्यांनी दाखवा. नाहीतर सही करा."

"आन् दोनी न्हाई झालं तर?"

सर बराच वेळ पेनाचं टोपण लावत बसले. "तर मग दुसऱ्या कुणाला तरी सही करावी लागेल. आणि मग तुमची पोस्ट कशासाठी आहे, असं मला वरचे विचारतील. मी काय सांगू?"

ताई बाहेर आल्या. मी म्हटलं, "ताई, करून टाका की सही. सगळं पास आहे. एवढं काय त्यात?"

त्या थांबल्या. हो, थांबल्या. त्या कधी थांबायच्या नाहीत म्हणून मला आठवतं. "दत्ता, तिकडं एकादी बाई छातीचा फोटो काढायला जाईल. डाक्टरच्या हातात तिच्या नावाखाली दुसरीचाच फोटो जाईल. डाक्टर म्हनंल, तुमाला काय न्हाई, जावा घरी. ती हसत हसत जाईल. त्या हसन्यावर माझी सही?"

माझी मनातली खुशी तिथंच संपली.

ते चार दिवस त्या जेवल्या की नाही कुणास ठाऊक. येताजाता स्कूटीचा ब्रेक दाबायलासुद्धा विसरल्या, आणि मला मागं बसून भलतंच असुरक्षित वाटायला लागलं. रविवारी त्या पडवीत तांदूळ निवडत होत्या. कारण हाताला काहीतरी हवंच. संगणक चालू होता. आणि त्यांच्या लक्षात आलं, की पडवीतला दिवा मधेच लवतो. जात नाही. डोळा मिचकावल्यासारखा अर्धा क्षण मंद होतो आणि पुन्हा नीट पेटतो. आणि दिवा लवला की त्याच वेळी डिस्कच्या पोटात 'टक्' असा आवाज होतो.

त्या सूप टाकून उठल्या आणि अनवाणी गिरणीवर गेल्या.

रिह्याची भातगिरणी तात्यांची. तात्या म्हणजे ताईंचे चुलत सासरे. गिरणीची मोटर तात्यांच्याही आधीची, इतकी दांडगी की सुरू होताना अख्ख्या आळीची वीज घोटभर पिऊन घ्यायची. एकदा फिरायला लागली की बिनतक्रार फिरायची. त्रास फक्त सुरू होतानाचा. रविवारी गिरणीवर गर्दी, म्हणून दिवे जास्त लवायचे, म्हणून उष्टं बहुतेक रविवारीच निघायचं.

त्यांनी मला तिथूनच फोन केला. मोटरच्या आवाजावर ओरडत होत्या. "दत्ता! लाईट जाती तवा सगळी संगंच मरत्यात, म्हनून तुमाला काय घावत न्हाई! हितं लाईट जात न्हाई, नुसती गळाठती! संगनक जागा ऱ्हातोय आन् डिस्क तेवडी घेरी येऊन पडती! उटल्यावर तिला आठवतच न्हाई हातात काय व्हतं!"

मी खुर्चीत बसलो. माझ्या डोळ्यांसमोर डिस्क नावाचा वाढपी उभा राहिला. हातात भाताचं भांडं, तोंडानं आरोळी, 'वाढलं!' आणि मी मूर्खासारखी पत्रावळ उचललेली. वाढपी वाटेत घेरी येऊन पडला, भात सांडला, उठला, कपडे झटकले, आणि पुढच्या ताटाला निघून गेला. आणि पाहुण्यासमोर आधीच्याचं उष्टं.

सोमवारी सकाळी अनिकेत सर रिह्यात आले, बरोबर वरचे एक साहेब, पांढऱ्या शुभ्र पँटमध्ये. पडवीत खुर्च्या मांडल्या. संगणक सुरू. आता फक्त गिरणी सुरू व्हायची होती.

आणि सोमवारी गिरणीवर काळं कुत्रं नव्हतं. सगळ्यांचं भात रविवारीच भरडून झालेलं.

"तात्या, नुसती सुरू करा की," सर म्हणाले.

तात्यांनी त्यांच्याकडं असं बघितलं, की जणू सरांनी त्यांना देवासमोर शिवी द्यायला सांगितली. "रिकामी? रिकामी गिरन फिरवायची? सायेब, तुमच्या घरी रिकामं जातं ओढत्यात का? रिकामा पाळना हालवत्यात का?"

"अहो, पण एका टेस्टसाठी..."

"तुमची टेस्ट हाय, माझी लक्षुमी हाय. दाना आना, फिरवतो."

सरांनी पाकीट काढलं. तात्यांनी पाठ फिरवली. पाकिटातून दाणे पडत नाहीत हे सरांना तेव्हा पहिल्यांदा कळलं असावं.

कुंदाताई उठल्या. चपला न घालता आळीत गेल्या. दहा मिनिटांत परतल्या तेव्हा त्यांच्यामागं बायका होत्या, कुणाच्या डोक्यावर पाटी, कुणाच्या कमरेला घमेलं, कुणाच्या पदरात ओंजळभर. मी मोजल्या नाहीत. पुढं लोकांना सांगताना पन्नास सांगतो, अकरा असतील.

सर म्हणाले, "वा! सगळं एकदम घाला आणि सुरू करा."

बायका हसल्या. एक म्हातारी तर पदर तोंडाला लावून खाली बसली. "ऐकलं का गं? एकदम म्हनतोय! माजा आंबेमोहोर हाय, हिची इंद्रायनी हाय, एकदम घालून खिचडी करायची व्हय रं?"

रिह्यात कुणाचं भात कुणात मिसळत नाही. प्रत्येकीचं वेगळं. एकीचं झालं की गिरणी थांबवायची, झाडून घ्यायची, मग दुसरीचं. म्हणजे प्रत्येक बाईमागं मोटर एकदा बंद, एकदा सुरू! कुंदाताईंनी काय गोळा केलं होतं ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. त्यांनी भात गोळा केलं नव्हतं. त्यांनी अकरा वेळा मोटर सुरू होण्याची सोय केली होती.

पहिली पाटी. दिवा लवला. टक्. ताईंनी फाइल वाचली. काही नाही.

दुसरी. तिसरी. काही नाही. डिस्क नेमकी लिहीत असतानाच तिला घेरी यायला हवी होती. पाचवीला वरचे साहेब घड्याळ बघू लागले. सातवीला त्यांची पांढरी पँट कोंड्यानं पिवळी झाली. कुंदाताई पडवी ते गिरणी, गिरणी ते पडवी अशा फेऱ्या मारत होत्या, आणि इतक्या वेगानं की मला दोन कुंदाताई दिसायला लागल्या होत्या. अकराव्या बाईनं आपला तांदूळ घेतला आणि ती चालू लागली. गिरणी थांबली.

"ठीक आहे ताई," अनिकेत सर हळूच म्हणाले. "तुम्ही प्रयत्न केलात."

तेवढ्यात घरातून कुंदाताईंच्या सासूबाई आल्या. त्यांना सगळे आत्याबाई म्हणायचे. हातात मडक्यावर फडकं बांधलेलं. तात्यांनी बघितलं आणि हात आडवा केला. "अगं, ह्ये बियाचं हाय. ह्ये भरडलं तर पेरायचं काय?"

"पेरायचं काय ते मी बघंन," आत्याबाई म्हणाल्या. "माजी सून चार दिस जेवली न्हाई. घाल."

"आत्याबाई, नगा!" कुंदाताई ओरडल्या. "सगळं नगा!"

"सगळं कोन देतंय तुला? मूठभर घालनार हाय. मोटरीला काय कळतंय?"

तात्यांनी ओंजळभर बियाणं सोडलं आणि खटका ओढला. मोटर गुरगुरली. दिवा असा लवला की आळीतल्या कोंबड्या ओरडल्या. टक्.

कुंदाताईंनी फाइल उघडली. पहिलं पान नीट. शेवटचं पान नीट. त्यांनी मधलं उघडलं.

हे दुसऱ्याचं आहे. हे दुसऱ्याचं आहे. हे दुसऱ्याचं आहे. वरपासून खालपर्यंत.

वरच्या साहेबांनी ते वाक्य ओठांतल्या ओठांत वाचलं. मग म्हणाले, "हा कोड कुणाचा?"

मी हात वर केला. आयुष्यात मी कितीतरी गोष्टी वाढवून सांगितल्या आहेत, पण त्या दिवशी मी बोटभर हात वर केला होता, हे खरं.

पुढचे दोन महिने मी पत्रावळ उचलायचं काम नव्यानं लिहीत होतो. वाढप्याच्या नुसत्या आरोळीवर उचलायची नाही. मधे त्याला घेरी आली असेल तर जिथं जिथं तो फिरला तिथल्या सगळ्या पत्रावळी पुन्हा झाकायच्या आणि पहिल्यापासून वाढायचं. वेग दहापट राहिला नाही, तिप्पट राहिला. मी पाठीवर थाप मागायला गेलो नाही. आणि दर रविवारी ताई तात्यांच्या गिरणीवर माझा कोड तपासायच्या. तात्यांनाही चेव चढला. कंपनीचे साहेब आपल्या मोटरीला मानतात, ही बातमी इतकी पसरली की पार माले गावाहून लोक भात घेऊन रिह्याला यायला लागले. तात्या प्रत्येकाला सांगायचे, "ह्या मोटरीत काम्पुटरचं रोग काढायची ताकद हाय." या वाक्यात माझा हात असल्याचा संशय ताईंना होता. संशय रास्त होता.

एका मंगळवारी सकाळी त्यांनी सही केली. मी मिठाईचा पुडा काढला. ताईंनी तो उघडलाच नाही. त्या टेबलापासून खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या.

"पयलं कुटं बसवनार?" त्यांनी विचारलं.

"पौडला. स्टँडाजवळ एक एक्सरे सेंटर आहे. आज दुपारपासून चालू."

त्या जेवणाच्या सुट्टीत गायब झाल्या. अर्ध्या दिवसाची रजा टाकून. फोन उचलेनात. संपतरावांना विचारलं तर ते म्हणाले, "घरी न्हाई. असंल कुटंतरी बघत." संध्याकाळी मी मित्राची मोटरसायकल घेतली आणि पौडला गेलो. मला दुसऱ्या दिवशी बंगळूरला जायचं होतं. वरच्या साहेबांनी मला तिकडच्या टीमवर घेतलं होतं, आणि मला ताईंचा निरोप घ्यायचा होता. म्हणजे असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मलाही घरी बसवत नव्हतं.

सेंटरच्या काचेतून आत दिसत होतं. ट्यूबलाइटखाली बाकडी, बाकड्यांवर माणसं, कुणाचा हात गळ्यात, कुणाचा पाय बाकावर. आणि मधे कुंदाताई. बसलेल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना इतका वेळ बसलेलं बघितलं नव्हतं. आतून एकेक माणूस मोठं पाकीट घेऊन बाहेर यायचा आणि ताई त्याला शेजारी बसवून घ्यायच्या. एक धोतरवाले आजोबा आले. ताईंनी त्यांच्या हातातून फिल्म घेतली, दिव्यासमोर धरली, आणि कोपऱ्यातलं नाव मोठ्यानं वाचलं. मग वय वाचलं. मग म्हणाल्या, "बाबा, दुकतंय ते उजवं गुडगं का डावं?"

"उजवं."

"हितंबी उजवंच हाय. जावा आता बिनघोर."

काउंटरवरची मुलगी वैतागून म्हणाली, "अहो मावशी, तुम्ही कोण? दुपारपासून बसलाय. तुमचा नंबर तरी काय?"

"माजा नंबर न्हाई गं पोरी. तू तुझं काम कर."

मी दार ढकलून आत डोकं घातलं. म्हटलं, "ताई, चला. सोडतो तुम्हाला रिह्याला. सगळं बरोबर येतंय ना?"

त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. आतल्या खोलीचं दार पुन्हा उघडलं होतं, कडेवर मूल घेतलेली एक बाई पाकीट घेऊन बाहेर येत होती, आणि कुंदाताई बाकावर सरकून तिला जागा करत होत्या.

"तू जा," त्या म्हणाल्या. "अजून सात जण हायेत."